सात नंबरची प्लेट

गोपाळकृष्णबुवांचा पाय पोळला, तेव्हा मी पेटीवर होतो.

अष्टमीची दुपार. अमरावतीत आमच्या आळीतल्या देवीसमोर फरशीवर मांडव घातला होता. चार वाजले की ऊन त्या मांडवाच्या खालून आत शिरतं, आणि आश्विनातलं ऊन आमच्याकडे चैत्राला लाजवतं. बुवांची नेहमीची लांब सतरंजी सकाळी धुतलेली, ती वाळली नव्हती. म्हणून कोणीतरी घरातली एक चौकोनी सतरंजी आणून मधोमध टाकली होती. जेमतेम दोन हातांची.

आख्यान अंबरीष राजाचं लावलं होतं. बुवांची पद्धत अशी, की दुर्वास बोलायला लागले की ते उजवीकडे सरकायचे आणि राजा बोलायला लागला की डावीकडे. कीर्तनकार एका जागी उभा राहून कीर्तन करत नाही; तो चालतो, वळतो, मागे येतो. त्या दिवशी मधे उभे होते तोवर ठीक होतं. दुर्वास झाले आणि उजवा पाय सतरंजीच्या बाहेर तापल्या फरशीवर पडला. बुवांनी टाच झटकन वर उचलली. मग राजा झाले, डावीकडे गेले, तिकडची टाच वर.

मंडळी हसली. बुवाही हसले आणि चिपळ्या वाजवत म्हणाले, "दुर्वासांचा राग डोक्यातून निघतो असं ऐकलं होतं, इथं तो पायातून चढतो आहे."

मीही हसलो. हसता हसता माझी बोटं पेटीवरच थांबली.

मी तेव्हा एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. अठ्ठावन्न साल. सहा वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेल्या वस्तूंचे नकाशे काढत होतो. खाली सही साहेबांची. त्या भाद्रपदात पहिल्यांदा माझ्या सहीचा नकाशा बाहेर गेला. काम अकोल्याच्या एका कापसाच्या जिनाचं होतं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रात चामड्याचा एक रूळ फिरतो, त्याला लागून एक स्थिर सुरी असते, तिच्यावर दुसरी वर-खाली हलते, आणि ती स्थिर सुरी ज्या पोलादी प्लेटवर बसते ती प्लेट चार स्क्रूंनी आवळलेली असते. चामडं झिजलं की प्लेट सूतभर पुढे घ्यायची, नवं चामडं चढवलं की सूतभर मागे. म्हणून प्लेटची भोकं गोल नसतात, लांबट असतात.

जुन्या प्लेटचे स्क्रू डोकं वर असलेले होते. त्यांत रुई अडकायची. मशीनवर बसणारी बाई ती बोटानं काढायची. मागच्या हंगामात सात नंबरच्या मशीनवर मैनाबाईच्या उजव्या हाताचं तिसरं बोट पेरभर गेलं, ते असं.

मी माप घ्यायला अकोल्याला गेलो होतो तेव्हा मैनाबाईनं ते बोट त्या स्क्रूवर ठेवून मला दाखवलं होतं. पन्नाशीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "नकाशेवाले भाऊ, ह्या मुंड्या खाली बसवा. बाकी मशीन सोन्याची हाय." मी म्हटलं, "बसवतो. बोट फिरवलंत तरी लागणार नाही." हा शब्द माझ्या तोंडचा.

डोकं आत बसणारा स्क्रू असतो. त्याचं डोकं वरून सपाट आणि खाली निमुळतं, भोवऱ्यासारखं. ते आत बसावं म्हणून भोकाच्या तोंडाशी तसाच उतरता खळगा करतात. आमच्याकडे त्याला काउंटर म्हणतात. गोल भोकाला गोल काउंटर, एवढं मी झोपेतही काढलं असतं. आणि तेच मी काढलं. लांबट भोक काढलं, त्याच्या मधोमध स्क्रू बसलेला दाखवला, त्याच्या डोक्याएवढं वर्तुळ काढलं. खुशालराव आमचा मशीनवरचा माणूस. त्याच्या हाती नकाशा गेला आणि त्यानं जे वर्तुळ दिसलं त्यावर काउंटर मारला. त्याची काय चूक? प्लेट तयार झाल्यावर मी स्वतः स्क्रू मधोमध ठेवून अंगठा फिरवला. गुळगुळीत. शाबासकी दिली त्याला.

पण स्क्रू मधोमध राहण्यासाठी लांबट भोक कोण करतं? प्लेट सूतभर मागे घेतली की स्क्रू खळग्यातून सरकून काठावर चढणार. चढला की त्याची एक बाजू वर येणार. बुवांच्या टाचेसारखी.

सतरंजी लांब हवी होती. काउंटर भोकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवा होता.

आणि ती प्लेट आठ दिवसांपूर्वीच अकोल्याला गेली होती. दसऱ्याला जिनाचा मुहूर्त. मुहूर्त दरवर्षी सात नंबरवरच व्हायचा, आणि नव्या कापसाचा पहिला घास घालायचा मान मैनाबाईचा.

"चिंतामणराव," बुवा गाता गाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "राजा उपाशी आहे, तुमची पेटीही उपाशी ठेवू नका."

मी भाता ओढला. कोणता सूर दाबला मला ठाऊक नाही. मृदंगवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

आता सांगायचं तर उठायला काही अडचण नव्हती. बडनेऱ्याला जाणारी शटल साडेपाचची होती, तिथून संध्याकाळची पॅसेंजर मिळाली असती. पण लहानपणापासून एक गोष्ट अंगात भिनलेली: कीर्तनातून आरतीआधी उठायचं नाही. ऐकणाऱ्यानं उठू नये, तिथं पेटीवाल्यानं कसं उठावं? मी बसून राहिलो. मांडी बदलली. परत बदलली. समोर बसलेल्या माझ्या बायकोनं, सिंधूनं, भुवई उचलून विचारलं, काय होतंय? मी मान हलवली.

तिकडे अंबरीषाची पंचाईत रंगात आली होती. द्वादशी सरायच्या आत पारणं सोडलं नाही तर व्रत मोडतं. पाहुणा जेवायच्या आधी जेवलं तर पाहुण्याचा अपमान. आणि पाहुणे दुर्वास, नदीवर स्नानाला जाऊन बसलेले. बुवा विचारत होते, सांगा, राजानं काय करावं? व्रत राखावं की पाहुणा राखावा? एरवी या जागी माझे डोळे भरून यायचे. त्या दिवशी मला नदी दिसत नव्हती, राजा दिसत नव्हता. एक पेर कमी असलेलं बोट दिसत होतं.

आरती झाली. बुवांना बुक्का लावला, पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच त्यांना सगळं सांगितलं. ते पाय चोळत ऐकत होते.

"हे तुम्हाला कळलं केव्हा?"

"तुमचा पाय पोळला तेव्हा."

"म्हणजे दीड तास झाला." त्यांनी पाय खाली ठेवला. "मग उठला का नाहीत?"

"आरतीआधी कसं उठायचं, बुवा? आणि पेटी?"

"अहो, पेटी नसली तर मी झांजेवर गातो. झांज नसली तर टाळ्यांवर गातो. देवाला काय, तुमच्या पेटीची सवय लागली आहे?" ते रागावले नव्हते, पण हसलेही नाहीत. "जा आता."

शटल गेली होती. तारघर उघडं होतं. तार केली: सात नंबर चालवू नका, येतो आहे, चिंतामण. घरी येऊन पिशवी भरली, त्यात त्या जातीचा एक सुटा स्क्रू टाकला. सकाळपर्यंतचे तास कसे गेले ते सिंधूला विचारा; मी कूस बदलली की तिची झोप मोडायची.

सकाळच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली आणि बसवलं नाही. मूर्तिजापूरला गाडी उगाच वीस मिनिटं थांबली. मी फलाटावर उतरलो, इंजिनापर्यंत चालत गेलो, परत आलो. शेजारी अंजनगावचा एक पानवाला होता, पानांच्या करंड्या घेऊन चाललेला. तो म्हणाला, "भाऊ, तुमी चालल्यानं गाडी निघत असती तं मी बी उतरलो असतो." मी ओशाळून बसलो. खिशातला स्क्रू चाचपत राहिलो.

अकोल्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. टांग्यानं जिनात गेलो. फाटकालाच झेंडूचं तोरण दिसलं आणि मला आठवलं. आज नवमी. खांडे नवमी. हत्यारांची पूजा.

आत सगळं शांत. इंजिन धुऊन पुसून ठेवलेलं. ओळीनं मशीनं, प्रत्येकीला हळदीकुंकू. मधे पाटावर नवं फडकं अंथरून पाने, हातोड्या, कानशी, छिन्न्या, स्क्रू फिरवायचे पेचकस असे लहानमोठे मांडून ठेवलेले, त्यांवर फुलं, अक्षता. सात नंबरला तर हार. मी हार बाजूला करून वाकलो. प्लेट बसली होती. चारही स्क्रू रुळाच्या बाजूला एका अंगानं वर आले होते. फार नाही. नखाच्या जाडीएवढे.

"आले काय नकाशेवाले." मागे नत्थुजी उभा होता, जिनाचा जुना फिटर. धुतलेलं धोतर, हातात प्रसादाची वाटी. "तुमची प्लेट बसवली परवा. नवं चामडं चढवलं नं, मंग मांगं घ्या लागली. मुंड्या थोड्या वर रायल्या. म्या म्हटलं, चालते एवढं."

"चालत नाही, नत्थुजी. पेचकस द्या. आत्ता काढू."

नत्थुजीनं पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुजलं ना आता."

"एकच पेचकस."

"एक काय नं दहा काय. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत उचलत नाई. माह्या बापानं उचललं नाई, म्या उचललं नाई." मग जरा खाली आवाजात म्हणाला, "नऊ वाजता पूजा झाली, चिंतामणराव. आठले आले असते तं म्या तुमच्या आंधी पेचकस घेतला असता."

आठला मी आलो असतो. काल उठलो असतो तर. हे मी त्याला सांगितलं नाही.

बापूसाहेब ऑफिसातून बाहेर आले. जिनाचे मॅनेजर, स्वच्छ टोपी, हिशोबी बोलणं. त्यांच्या कोटाच्या खिशात माझी तार होती. "चालवू नका, एवढं कळलं. का, ते कुठं लिहिलंय? उद्या सकाळी मालकांचे वडील अमरावतीहून... नाही, यवतमाळहून येणार आहेत. ऐंशीच्या घरातले. पूजा झालेलं मशीन न चालवता सोडलं तर त्यांना काय सांगू? वर्षभर जिनात काही झालं की नाव याचंच निघेल. बोला."

मी सांगू लागलो. काउंटर, उतार, मधोमध, टोक. बापूसाहेबांचा चेहरा कोरा. नत्थुजीला स्क्रू माहीत होता, पण त्याचं म्हणणं, नखभरानं काय होतं? कागदावर काढून दाखवलं तर दोघंही कागद उलटासुलटा करून बघायला लागले. शेवटी कागदानंच तर घोळ केला होता.

ओसरीत मैनाबाई आणि दोघी जणी देवीसाठी कणकेचे दिवे करत बसल्या होत्या. हात पिवळे. मी तिथं गेलो आणि म्हटलं, "मैनाबाई, एक गोळा द्या."

"दिवा करता येते तुमाले?"

"भोक करता येतं."

ती हसली. मी परातीवर गोळा थापला, बोटभर जाड, सपाट केला. करंगळीनं त्यात लांबट भोक पाडलं. मग खिशातला स्क्रू मधोमध दाबून फिरवला. कणकेत त्याच्या डोक्याएवढी गोल वाटी झाली. स्क्रू त्यात नीट बसला. "हात फिरवा," मी म्हटलं. मैनाबाईनं तेच तोकडं बोट फिरवलं. "नाई लागत."

"आता ही कणीक म्हणजे प्लेट. नत्थुजी, तुम्ही नवं चामडं चढवलंत. प्लेट मागे घ्या." नत्थुजीनं स्क्रू धरून ठेवला आणि मी कणीक सरकवली. डोकं वाटीतून निघालं, काठावर चढलं आणि तिरपं झालं. "फिरवा आता."

बोट अडलं.

मी दुसरा गोळा घेतला. या वेळी स्क्रूचं डोकं भोकाच्या एका टोकाला दाबलं आणि तसंच घासत दुसऱ्या टोकाला नेलं. उतार पूर्ण भोकभर झाला, नांगराच्या तासासारखा. त्यात स्क्रू कुठंही ठेवा, आतच. "असं पाहिजे होतं. मी नकाशात पहिलं काढलं. चूक माझी आहे. तुमची नाही, वर्कशॉपची नाही."

बापूसाहेबांनी टोपी काढून परत घातली. "मग उद्याचं काय?"

"सहा नंबर चालवा."

"हार सातला आहे."

इथं मैनाबाई बोलली, आणि माझ्या विरुद्ध बोलली. "चालवा नं सात नंबर. पाच मिन्टं तं चालवाची हाय. मी हात घालतच नाई. अडकली रुई तं अडकली. सतरा वर्षं पैला घास मी घातला, यंदा सहाले घालू? सहावर तं पार्वताबाई बसते." आणि तिनं बाजूच्या बाईकडे असं पाहिलं, की त्या पार्वताबाईच असाव्यात हे मला कळलं.

"बघा," बापूसाहेब म्हणाले. "बाई स्वतः म्हणते आहे. शहाणी बाई आहे. हात घालणार नाही म्हणते ना?"

मी ओसरीच्या खांबाला टेकलो. इंजिनावर मशीन किती वेगानं चालतं, सुरी मिनिटाला किती वेळा वर-खाली होते, ते मला आकड्यांत माहीत होतं. पण आकड्यांनी इथं कोण ऐकणार? आणि मग एकदम कालचं आख्यान, जे मी धड ऐकलंही नव्हतं, ते आठवलं.

"बापूसाहेब, अंबरीषानं काय केलं?"

"कोण?"

"राजा. पारणं सोडायचं होतं आणि दुर्वास आले नव्हते."

"पाणी पेला," उत्तर नत्थुजीनं दिलं. "घोटभर पाणी पेला. जेवला बी, नं जेवला बी नाई."

"मग सात नंबरला घोटभरच चालवू. इंजिनावर नाही."

नत्थुजीनं वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "पट्टा इंजनाच्या शाफ्टवरून उतरवाले हत्यार लागत नाई," तो हळू म्हणाला. "हातानंच उतरते. नं पट्टा हातानं ओढला तं मशीन फिरते. इंजन बंद पडते तवा आमी फिरवतोच." मग बापूसाहेबांकडे वळून, "मुहूर्त सातवर. घास मैनाबाईचा. मालकाचे वडील बी खूश. फक्त इंजन लावाचं नाई, बस."

"ओढणार कोण?"

"मी एका अंगानं," नत्थुजी म्हणाला. "नं दुसऱ्या अंगानं हे. ज्यानं वर्तुळ काढलं ते."

मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. "हात पाहा नं भाऊचे. पेन्सिलीचे हात."

दसऱ्याच्या सकाळी म्हातारे मालक, म्हणजे मालकांचे वडील, आले. त्यांना बापूसाहेबांनी काय सांगितलं देव जाणे, पण ते खुर्चीवर बसले, काठी पुढे घेतली आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी जिन नव्हतं तेव्हा बाया चरकीवर हातानंच सरकी काढत. फिरवा." एवढंच. मी रात्रभर ज्याची काळजी केली ते दोन वाक्यांत उरकलं. काळजीचं असंच असतं, ती चुकीच्या दाराशी बसलेली असते.

नारळ फुटला. पट्टा उतरवून आम्ही दोघांनी धरला, नत्थुजी तिकडून, मी इकडून. मैनाबाई नवं लुगडं नेसून आपल्या जागी बसली. ओंजळीत नवा कापूस. ओंजळ कपाळाला लावली आणि घास घातला.

"ओढा," नत्थुजी म्हणाला.

ओढायला लागलो. पट्टा जड, दोन ओढींतच माझे खांदे निखळायला आले. सुरी हळूहळू वर-खाली होऊ लागली, रूळ फिरला, सरकी टप टप खाली पडली आणि रुईचा पांढरा पापुद्रा प्लेटवरून सरकत पुढे आला. मंडळींनी देवीचं नाव घेतलं. मी पापुद्र्याकडे बघत होतो. पहिल्या स्क्रूवरून गेला. दुसऱ्यावरून गेला. माझं ओढणं थोडं सैल झालं, मला वाटलं, नखभरच तर आहे, कदाचित मीच...

तिसऱ्या स्क्रूला रुई अडली. एक धागा, मग एक पुंजका, मग त्यामागे सगळाच पापुद्रा गोळा होऊन वर चढायला लागला.

आणि मैनाबाईचा उजवा हात गेला.

ती तिकडे बघतसुद्धा नव्हती. ती मालकांच्या वडिलांकडे बघून हसत होती. हात आपला आपण गेला, जसा सतरा वर्षं जात आला, सुरीखाली, त्या पुंजक्यापाशी.

मी पट्टा दोन्ही मुठींत आवळला आणि स्वतःला मागे लोटून दिलं. नत्थुजीच्या हातून ओढ आली होती; तळहातांची साल निघाली. पण हाताची ओढ ती, इंजिनाची नव्हे. मशीन कुरकुरलं आणि थांबलं. सुरी तिच्या बोटांच्या वर बोटभर थांबली.

जिनात कबुतराच्या पंखांचा आवाज तेवढा आला.

मैनाबाईनं मान वळवून आपल्या हाताकडे पाहिलं. लगेच काढला नाही. तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा ती बघत राहिली. मग सावकाश मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, वर डावा हात ठेवला.

"गेला पाहा," ती म्हणाली. "म्हटलं होतं नाई घालत."

बापूसाहेबांनी खिशातली तार काढली, परत एकदा वाचली आणि घडी करून ठेवली. म्हाताऱ्या मालकांना काय झालं ते नीट दिसलं नसावं. त्यांनी विचारलं, "झाला का मुहूर्त?" नत्थुजी म्हणाला, "झाला जी. रुई निंगाली." खरंच निघाली होती, ओंजळभर. ती देवीपुढे ठेवली.

मुहूर्तानंतर नत्थुजीनं पाटावरचा पेचकस उचलला, कपाळाला लावला आणि सगळ्यांत आधी सात नंबरचे चार स्क्रू काढले. प्लेट गोणपाटात बांधून मी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला आणली. साहेबांना जे होतं ते सांगितलं. ते म्हणाले, सही तुमचीच राहू द्या, नकाशा नवा काढा. मला आधी वाटलं, बोलतील. ते बोलले नाहीत याचंच दोन दिवस ओझं वाटलं.

नवा नकाशा काढला तेव्हा स्क्रू मधोमध दाखवला नाही. तीनदा दाखवला: या टोकाला, मधे, त्या टोकाला, आणि उताराच्या दोन रेघा भोकाच्या काठाकाठानं सलग नेल्या. खुशालराव म्हणाला, "तीन तीन कायले? एकच स्क्रू हाय नं?" मी म्हटलं, "एकच आहे, पण तो बसून राहत नाही." त्यानं काउंटर मारेपर्यंत मी त्याच्या मशीनशी उभा. तो वैतागला, दोनदा मला चहा प्यायला पाठवलं, मी दोनदा न पिता परत आलो.

प्लेट घेऊन अकोल्याला गेलो तो दिवस कोजागिरीचा होता. बाकीची मशीनं सुरू होती, जिन गरजत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. सात नंबर तेवढं उभं. नत्थुजीनं प्लेट बसवली आणि रुळापासून मागे घेतली, जितकी जाईल तितकी. स्क्रू आवळले. मग बाजूला सरकून मैनाबाईला जागा दिली.

तिनं तिसरं बोट ठेवलं. पहिल्या स्क्रूवरून नेलं, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावर थांबलं, मागे आलं, परत गेलं. चौथा. मग उलट, चौथ्यापासून पहिल्यापर्यंत. मग ती पदर खोचून बसली आणि नत्थुजीला पट्टा टाकायची खूण केली.

मशीन सुरू झालं. मी तिथंच उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा. रुई सरकत होती. तिचा उजवा हात दोनदा पुढे गेला, सवयीनं. तिथं काढायला काही नव्हतं, तसा परत आला. तिसऱ्यांदा गेला नाही.

"आता काय पाह्यता?" ती गर्जनेतून ओरडून म्हणाली. "जा नं घरी. कोजागिरी हाय. तुमचं कीर्तन असन नं?"

"आहे."

"मंग पेटी कोन वाजवून रायलं तिकडं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "बुवा झांजेवर गातात."